मानेतला भोवरा

देवस्थळी काकूंनी पोह्यांची बशी हातात घेतली, चमचा पोह्यांत खोचला आणि तो तसाच ठेवून त्या म्हणाल्या, "आधी नकाशा बघून घेऊ या का? म्हणजे मग निवांत खाता येईल."

साताऱ्यातल्या त्या दिवाणखान्यात कुणालाच यात वावगं वाटलं नाही. देवस्थळी मायलेक वाईहून गणपतीच्या दर्शनाला म्हणून आले होते, गौरींचं विसर्जन कालच झालं होतं, आणि पितृपक्ष लागायच्या आत एक बैठक होऊन जावी असं दोन्ही घरांना वाटत होतं. बैठक म्हटली की आता नकाशा आलाच. काही वर्षांपूर्वीपर्यंत जिथे पत्रिका पुढे सरकवली जायची, तिथे आता मुलीचे वडील भिंतीवरच्या पडद्याकडे बोट दाखवत. शिरीषनेही तेच केलं. पडद्यावर त्याच्या मुलीची, शाल्मलीची मान उजळली. कातडी आणि स्नायू विरून गेले आणि मागे उरली एक धमनी, जबड्याखाली दोन फांद्या फुटलेली. वाहतं रक्त निळ्या रेघांनी दाखवलं होतं. फाट्याशी, बाहेरच्या भिंतीला लागून एक लालभडक डाग होता आणि तिथल्या रेघा सरळ जायचं सोडून गरगर फिरत होत्या.

काकूंनी चष्मा वर सरकवला. या वर्षातला हा त्यांचा पहिला नकाशा नव्हता, हे त्यांच्या बघण्यावरून कळत होतं.

"भोवरा बराच मोठा आहे," त्या म्हणाल्या. "आणि खाली लिहिलंय, पंचेचाळिशीच्या आत निम्मी वाट बुजण्याचा संभव."

कोपऱ्यातल्या खुर्चीवर हेमांगी बसली होती. शाल्मलीची आत्या म्हणून हसतमुख बसून राहायचं, एवढंच तिच्याकडे काम होतं. पण हा नकाशा काढणारी यंत्रणा तिने आणि तिच्या सहकाऱ्यांनी पुण्यात वर्षानुवर्षं खपून उभी केली होती आणि ते तिथे सगळ्यांनाच ठाऊक होतं.

"हेमांगीताई, तुमचंच ना हे?" काकूंनी विचारलं.

"आमचंच."

"मग तुम्हीच सांगा. चुकतं का कधी?"

"फारसं नाही," हेमांगी म्हणून गेली. सवयीने म्हणाली, आणि खरं सांगायचं तर अभिमानाने म्हणाली. शब्द तोंडातून बाहेर पडल्यावर तिचं लक्ष भाचीकडे गेलं. शाल्मली तिच्याकडेच बघत होती.

काकूंनी बशी खाली ठेवली. "मल्हारच्या बाबांना ऐन उमेदीत पक्षाघात झाला. मानेतली हीच नस. त्यांचा उजवा हात मी वर्षानुवर्षं धुतला, पुसला, सदऱ्याच्या बाहीत घातला. ते गेले तेव्हा मल्हार कॉलेजात होता. मुलगी तुमची गुणी आहे हो, माझी ना नाही. पण मी जे काढलं ते माझ्या मुलाच्या वाट्याला येऊ नये, एवढंच मला वाटतं."

"आई, आम्ही सात महिने बोलतोय एकमेकांशी," मल्हार म्हणाला. उंच, अबोल मुलगा. आल्यापासूनचं त्याचं हे पहिलंच वाक्य होतं.

"म्हणूनच आत्ता सांगते. सात वर्षांनी सांगून काय उपयोग?"

मग त्यांनी पोहे खाल्ले, चांगले झालेत असं मनापासून सांगितलं, गणपतीला पुन्हा एकदा हात जोडले आणि मायलेक निघाले. जाताना मल्हार दारात अडखळला. दार लागल्यावर शाल्मलीने पडदा बंद केला.

"त्याचा नकाशा कुणी मागितला का?" तिने वडिलांना विचारलं.

"मुलाकडच्यांना कसं विचारायचं?" शिरीष म्हणाला. वाक्य पुरं व्हायच्या आतच त्याचं त्यालाच ते लंगडं वाटलं असावं, कारण तो बशा उचलायला लागला.

शाल्मली जिन्यावर जाऊन बसली. हेमांगी तिच्या शेजारी टेकली. मुलगी रडत असेल असं तिला वाटलं होतं, पण शाल्मलीने दोन बोटं स्वतःच्या मानेवर ठेवली होती आणि ती ठोके बघत होती.

"आत्या, मल्हारचं जाऊ दे बाजूला. खरं आहे का ते?"

मल्हारचं बाजूला जाण्यासारखं नव्हतं, हे दोघींनाही माहीत होतं.

"तुला नीट सांगते. रक्तातली चरबी सगळीकडे सारखीच फिरत असते. मग ती धमनीत सगळीकडे का साचत नाही? मोजक्याच जागी का साचते? कारण धमनीच्या आतल्या अस्तराला वाहत्या रक्ताचं घासणं लागतं. एकाच दिशेने, एकसारखं. ते मिळालं की अस्तरातल्या पेशी ओळीने, घट्ट बसतात. फाट्यावर मात्र रक्त बाहेरच्या भिंतीपाशी रेंगाळतं, थोडं मागे फिरतं. ओढ्याच्या वळणावर काटक्या जागच्या जागी फिरत राहतात ना, तसं. तिथल्या पेशींना कळतच नाही कुठे तोंड करून बसायचं. त्या सैल पडतात, चरबी आत शिरते, सूज येते, आणि वर्षानुवर्षांनी तिथे थर बसतो."

"आणि माझा भोवरा मोठा आहे."

"नकाशात तरी मोठा आहे."

"नकाशा चुकत नाही म्हणालीस."

"फारसा नाही म्हणाले," हेमांगी म्हणाली आणि उठली. "माझा लॅपटॉप आण. नकाशा राहू दे, मला त्याच्या मागचे आकडे बघायचेत."

तिचा स्वतःच्या कामावर विश्वास होता आणि तो उगाच नव्हता. कानोसा नावाची बोटभर पट्टी मानेवर चिकटवायची. ती ऐकू न येणारा आवाज आत सोडते आणि परतणाऱ्या आवाजावरून धमनीचा आकार आणि रक्ताचा वेग टिपते. दहा मिनिटांत काम होतं. मग संगणक तीच दहा मिनिटं पुन्हा पुन्हा चालवून माणसाची पुढची तीस वर्षं काढतो. हजारो लोकांवर पडताळून बघितलेली गोष्ट होती. बुजत आलेली धमनी उघडायला फुगा कुठे घालायचा, औषध कुणाला लवकर सुरू करायचं, हे डॉक्टर आता त्यावरच ठरवत. अशा यंत्रणेने चूक केली असेल तर तिला काहीतरी कारण असणार, आणि कारण असेल तर ते सापडणार, असं हेमांगीच्या डोक्यात पक्कं होतं.

जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून ती आकड्यांत शिरली. धमनीचा आकार चांगला होता, फाट्याचा कोन चारचौघींसारखा होता. मग तिची नजर नाडीवर थांबली.

"शाल्मली, तू तपासणी केंद्रावर धावत गेली होतीस का?"

"नाही. बाबांनी गाडीने सोडलं."

"घाबरली होतीस?"

"कंटाळले होते. केवढी रांग होती."

"मग हृदय इतकं धडधडत का होतं? आणि एवढ्या ठोक्यांनीसुद्धा मानेत रक्त पोचतंय जेमतेम. आजारी माणसासारखं." हेमांगीने तारीख बघितली. "कधी केलीस तपासणी?"

"गणपतीच्या आदल्या दिवशी. दुसऱ्या दिवसापासून केंद्र बंद होणार होतं, मला सुट्टीही तेव्हाच मिळाली."

स्वयंपाकघरातून शाल्मलीच्या आईचा, वहिनींचा आवाज आला. "हरतालिका होती त्या दिवशी."

हेमांगीचे हात थांबले. "उपास होता तिचा?"

वहिनी हात पुसत बाहेर आल्या. "निर्जळी. यंदा स्थळ बघायचं चाललंय म्हणून मीच म्हटलं, नीट कर. आणि तपासणी असली की उपाशीपोटीच जायचं असतं ना? म्हटलं, बरं झालं, एकाच उपासात दोन्ही कामं होतील. केंद्रातल्या मुलीला सांगितलं, आदल्या रात्रीपासून पाण्याचा थेंब नाही घेतलेला. ती म्हणाली, वा, छान."

हेमांगीला हसू आलं. ते तिने आवरायचा प्रयत्न केला, पण ते आवरेना, आणि मग शाल्मलीही नक्की काय झालं ते न कळता हसायला लागली.

"वहिनी, आमच्या सूचनांची पहिली ओळ आहे, दोन पेले पाणी पिऊन या."

"सूचना कोण वाचतं गं?" वहिनी म्हणाल्या. "रक्ताची म्हटली की उपाशीच. आमच्या आईपासून तेच चालत आलंय."

हसू ओसरलं तशी हेमांगी सावरून बसली. "पाणी नसलं की अंगात रक्ताचं आकारमानच घटतं. हृदय भराभर पळतं, पण प्रत्येक ठोक्याला थोडंच रक्त ढकलतं. मानेत वेग पडतो आणि फाट्यावरचा भोवरा पसरतो. त्यात काही बिघाड नाही, एका दिवसाचा उपास आहे तो. पण आमच्या संगणकाला काय माहीत? त्याने तो एक दिवस धरला आणि तुला तीस वर्षं निर्जळी उपास घडवला."

"चांगला नवरा मिळावा म्हणून," शाल्मली म्हणाली.

कुणी हसलं नाही. हेमांगीने स्वतः लग्न होईपर्यंत हरतालिका केली होती. वाळूची पिंड, सोळा पत्री, रात्रीचं जागरण, दुपारनंतर डोक्यात होणारी पोकळी, सगळं तिला आठवत होतं. तरी यंत्रणा घडवताना ते तिला सुचलं नव्हतं, कारण प्रयोगशाळेत बसल्यावर आपण जणू दुसऱ्याच गावचे होतो. तिला एकदम दुसरी शंका आली आणि ती पुन्हा लॅपटॉपकडे वळली.

नावं झाकलेलीच असत. वय, बाई की पुरुष, जिल्हा आणि तारीख एवढंच दिसे. तिने हरतालिकेच्या दिवशीचे नकाशे बाजूला काढले. त्या दिवशी गर्दी नेहमीपेक्षा कितीतरी जास्त होती. मुली गणपतीला घरी येतात, केंद्रं दुसऱ्या दिवसापासून बंद असतात. पुरुषांचे नकाशे रोजच्यासारखे निळे होते. तरुण मुलींचे लाल. सांगलीचे, नगरचे, ठाण्याचे, रत्नागिरीचे. तिने मागच्या वर्षीची हरतालिका काढली. तीही तशीच निघाली.

यातल्या कितीजणींच्या दिवाणखान्यात पोह्यांची बशी तशीच राहिली असेल, हा विचार हेमांगीला टाळता येईना. तिने पुण्यात जुबेरला फोन लावला. यंत्रणेची सगळी देखभाल तोच बघायचा.

"त्या दिवसाचे सगळे नकाशे मागे घे," तिने सगळं सांगून झाल्यावर म्हटलं. "दोन्ही वर्षांचे. प्रत्येकीला निरोप जाऊ दे, पाणी पिऊन या, पुन्हा काढून देतो."

"लोक म्हणतील यंत्र बिघडलं."

"म्हणू देत. यंत्र बिघडलेलं नाही, आपण विचारायला विसरलो. असंच लिही, याच शब्दांत. आणि यापुढे केंद्रावर पाणी पाजल्याशिवाय कुणाच्या मानेला पट्टी लागायची नाही."

मग तिने पर्समधून स्वतःची कानोसा पट्टी काढली. तोवर शाल्मलीने पाण्याचा तांब्या तोंडाला लावलाच होता. तासाभराने नवा नकाशा आला. लाल डाग नखाएवढा उरला होता.

"हा का राहिला?" वहिनींनी विचारलं.

"हा सगळ्यांनाच असतो. फाटा आहे म्हटल्यावर थोडं रेंगाळणं आलंच. माझाही असाच आहे."

वहिनींनी फोन उचलला. "आत्ताच्या आत्ता पाठवते वाईला."

"थांब आई," शाल्मली म्हणाली. "पहिला लाल होता म्हणून त्या गेल्या. हा निळा आहे म्हणून परत येतील. परवा आणखी कसला आला तर?"

वहिनींनी फोन खाली ठेवला. मग फोन हेमांगीनेच केला, आणि नकाशा न पाठवता काय घडलं ते सांगितलं. देवस्थळी काकूंनी शांतपणे ऐकून घेतलं.

"हेमांगीताई, राग मानू नका," त्या म्हणाल्या. "मघाशी म्हणालात, यंत्र चुकत नाही. आता भाचीचं लग्न मोडतंय म्हटल्यावर चुकलं म्हणता. तुमच्या जागी मी असते तर मीही हेच म्हटलं असतं."

यात खोट काढण्यासारखं काहीच नव्हतं. "माझ्यावर विश्वास ठेवू नका," हेमांगी म्हणाली. "स्वतः बघा. उद्या सकाळी अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी या. पडदा तुमच्या हातात देते."

काकू येतील याची खात्री कुणालाच नव्हती. एकट्या हेमांगीला होती. नवऱ्याचा हात इतकी वर्षं सांभाळलेली बाई त्या नसेबद्दलची कुठलीच गोष्ट कानाआड करणार नाही, असं तिला वाटत होतं.

सकाळी पायथ्याशी फिरायला येणाऱ्यांची वर्दळ होती. काकू मल्हारबरोबर आल्या, पायांत चालायचे बूट घालून. हेमांगीने शाल्मलीच्या मानेवर पट्टी चिकटवली आणि हातात मावणारा पडदा काकूंना दिला. काकूंनी तो दोन्ही हातांनी धरला. कडेने फिरणाऱ्या रेघांचा तो नखाएवढा डाग त्यांनी बराच वेळ बारकाईने बघितला.

"आता चला," हेमांगी म्हणाली. "फार भरभर नको, पण थांबायचंही नाही."

चौघं चढू लागले. शाल्मली पुढे, तिच्यामागे काकू, नजर रस्त्यापेक्षा पडद्यावरच जास्त. मल्हारने दोनदा त्यांचा कोपर धरला. पहिल्या वळणापर्यंत काहीच बदललं नाही. दुसरं वळण गेलं, शाल्मलीचा श्वास वाढला, आणि काकू जागच्या जागी थांबल्या.

"पुसला गेला," त्या म्हणाल्या.

पडद्यावर रेघा फाट्यापाशी येत होत्या आणि न रेंगाळता दोन्ही फांद्यांत सरळ जात होत्या. लाल डागाच्या जागी निळ्या रेघांची दाट वीण होती.

"चढताना हृदय जोरात ढकलतं," हेमांगी म्हणाली. "भिंतीला हवं ते घासणं मिळतं. खाली उतरून बसली की तो डाग परत येईल, थोडा. पण रोज इतका वेळ रक्त असं धावलं तर अस्तर घट्ट राहतं. फाटा कसा असावा ते आपल्या हातात नाही. त्यातून रक्त कसं न्यायचं ते बरंचसं आहे."

"कुणाचंही असं होतं?"

"बहुतेक सगळ्यांचं."

काकू कठड्यावर बसल्या. खाली सातारा पसरला होता, आरतीचे स्पीकर कुठे कुठे सुरू होत होते. त्यांनी पडदा मांडीवर पालथा ठेवला.

"ह्यांना डॉक्टर म्हणायचे, चालायला जा. मी म्हणायची, दमून आलेत, बसू दे. ह्यांना दुकानातून आल्यावर मी उठू द्यायची नाही. पाणीसुद्धा हातात नेऊन द्यायची. गेले असते चालायला, तर?"

हेमांगीकडे बहुतेक प्रश्नांना उत्तर असायचं. या प्रश्नाला आकडे लागले असते, आणि ज्या माणसाचे ते आकडे हवे होते तो माणूस उरला नव्हता. ती काकूंच्या शेजारी बसली.

"ते मला सांगता येणार नाही," ती म्हणाली. "कुणालाच येणार नाही. पण तुम्ही त्यांना बसवलंत त्यात माया होती, हे मला दिसतंय."

काकूंनी डोळे पुसले. मल्हार तोवर शाल्मलीपाशी जाऊन उभा राहिला होता. त्याने हात पुढे केला.

"मलाही लाव ती पट्टी."

"नको," काकू एकदम म्हणाल्या. आवाज इतका चढला की वरून येणाऱ्या दोन बायका थबकल्या. मग त्यांनी तो खाली आणला. "मल्हार, नको. तू बाबांवर गेलायस. मान, खांदे, सगळं. मी तुझा नकाशा कधी काढू दिला नाही तो काय उगाच?"

काकूंनी याआधी इतके नकाशे का बघितले होते, ते आता हेमांगीला कळलं. मुलाच्या मानेकडे बघायची हिंमत नव्हती, म्हणून ही बाई वर्षभर मुलींच्या माना तपासत फिरली होती. तिला काकूंचा राग येईना.

"आई, तू बघितलं नाहीस म्हणून तिथलं रक्त वेगळं वाहणार आहे का?" मल्हार म्हणाला.

शाल्मली दोघांच्या मध्ये उभी होती. तिने मानेवरची पट्टी सोलून काढली आणि पुसली, पण ती त्याला लगेच दिली नाही. पाठीवरच्या पिशवीतून पाण्याची बाटली काढून त्याच्या हातात ठेवली.

"आधी हे पी. सगळं."

त्याने बाटली संपवली. मग पाणी अंगात भिनेपर्यंत तिघी आणि तो कठड्यावर बसून राहिले. ऊन यवतेश्वराच्या डोंगरउतारावर आलं तेव्हा हेमांगीने मान हलवली. शाल्मली पट्टी लावायला उठली, पण काकूंनी हात पुढे केला. तिच्याकडून पट्टी घेतली, मल्हारला खाली वाकवलं आणि जबड्याखाली, बरोबर जागेवर ती दाबून बसवली. ती जागा त्यांना कुणी दाखवावी लागली नाही.

मग त्यांनी मांडीवरचा पडदा सुलटा न करताच उचलला आणि शाल्मलीच्या हातात दिला. स्वतः तोंड फिरवून खालच्या गावाकडे बघत राहिल्या. शाल्मलीने पडदा वळवला. मल्हारची धमनी हळूहळू उमटायला लागली, आधी खोड, मग फाटा.

मागे न बघताच काकूंनी शाल्मलीचा मोकळा हात शोधून घट्ट धरला.

"काय दिसतंय गं तुला?"